हातात आलेले आणि येणार असलेले

(मंडळाच्या बारामती येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही केवळ मॅट्रिक; सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यात गेला. परंतु काही वर्षे या मंडळाची खजिनदारी आमच्याकडे होती, आणि त्या काळात आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक काय होती हे नीट उमगावे म्हणून सेवानिवृत्तीनंतर आम्ही जमाखर्चाच्या शास्त्राची पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. त्यातून जे समजले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. कंपन्या आणि कारखाने आपले उत्पन्न केव्हा ‘झाले’ असे मानतात, आणि पुढे द्यावे लागणाऱ्या पैशाची तरतूद कशी करतात, हा आजचा विषय होय. विषय रूक्ष वाटेल; पण तो आपल्या प्रत्येकाच्या चुलीपर्यंत कसा येऊन पोचतो हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

हा प्रश्न आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या उत्पन्नाचा हिशेब सांगताना ‘करणीय’, ‘सिद्ध’ आणि ‘शेष’ असे भेद केलेले आहेत. जे वसूल करावयाचे ठरले आहे ते करणीय, जे तिजोरीत येऊन पडले ते सिद्ध, आणि जे येणे राहिले ते शेष. या तिन्हींची सरमिसळ करणारा अधिकारी राजाला फसवितो, किंवा निदान स्वतः फसतो, हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होते. आजची लेखा मानके हेच तत्त्व अधिक बारकाईने मांडतात, एवढेच. आपल्या देशात सनदी लेखापालांची संस्था १९४९ साली कायद्याने स्थापन झाली. उत्पन्नाच्या नोंदीविषयीचे तिचे नववे मानक १९८५ सालचे आहे. मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून ‘भारतीय लेखा मानक ११५’ लागू झाले. तरतुदींसाठी अशा कंपन्यांना ‘भारतीय लेखा मानक ३७’ लागू आहे.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि तेव्हापासून ऊस हे आपले मुख्य पीक झाले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे छत्रपती, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा या कारखान्यांच्या गव्हाणीत आपल्यापैकी अनेकांचा ऊस पडतो. शेतात ऊस डोक्याच्या वर वाढला, की शेतकरी मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो. एकरी इतके टन, टनाला इतका दर, म्हणजे इतके हजार झाले. वस्तुतः काहीच झालेले नसते. तोड आलेली नाही, काट्यावर वजन झालेले नाही, उतारा ठाऊक नाही. एके वर्षी आम्हीही घरच्या दोन एकरांतील उभ्या उसाचे चाळीस टन जादा मनात धरले आणि त्या भरवशावर हातउसने पैसे घेऊन मुलीच्या शिक्षणाची फी भरली. त्या वर्षी पाण्याची एक पाळी चुकली, तोड दीड महिना लांबली, आणि वजन घटले. जे उत्पन्न आम्ही केव्हाच जमेस धरले होते ते काट्यावर आलेच नाही. घेतलेले कर्ज मात्र पुरते खरे होते.

म्हणून शास्त्राचा पहिला नियम असा, की माल दुसऱ्याच्या ताब्यात जाईपर्यंत त्याचे उत्पन्न झाले असे मानू नये. साखर कारखान्याकडे पाहा. गोदामात लाखो पोती साखर असते. ती तारण ठेवून कारखाना बँकेकडून कर्जही काढतो. पण गोदामातील साखर म्हणजे विक्री नव्हे, तो शिल्लक माल होय. व्यापाऱ्याने निविदा भरली आणि अगाऊ रक्कम दिली, तरी साखर त्याच्या ताब्यात जाईपर्यंत ती रक्कम कारखान्याचे उत्पन्न ठरत नाही. ते कारखान्याने व्यापाऱ्याला द्यावयाचे देणे असते. पैसे हातात आहेत आणि तरीही ते आपले नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना विचित्र वाटते. परंतु लग्नासाठी सराफाला इसार दिला आणि दागिना अजून मिळाला नाही, तर तो इसार सराफाच्या मिळकतीत आपण धरतो काय? नाही धरीत. तेच हे.

दुसरे उदाहरण आपल्या इंदापूर तालुक्यातीलच, पण निराळ्या प्रकारचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात कळंबच्या माळावर ऊसशेती व साखर कारखाना उभारला, आणि तेथे वालचंदनगर वसले. पुढे तेथे अवजड यंत्रे बनू लागली. भारतीय अवकाश संस्थेच्या अग्निबाणांच्या घन-इंधन टप्प्यांची प्रचंड पोलादी आवरणे वालचंदनगरच्या कारखान्यात घडली आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. आता विचार करा. असे एखादे काम पुरे होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. माल ताब्यात दिल्यावरच उत्पन्न धरावयाचे म्हटले, तर पहिली दोन वर्षे कारखाना रिकामा बसला असे दिसेल, आणि तिसऱ्या वर्षी एकदम धनाढ्य झाल्यासारखा दिसेल. दोन्ही चित्रे खोटी.

यासाठी मानकाने वाट काढली आहे. जी वस्तू त्या एका ग्राहकासाठीच घडते, जी बाजारात दुसऱ्या कोणास विकता येणार नाही, आणि झालेल्या कामापुरता मोबदला मागण्याचा हक्क करारानेच दिलेला आहे, अशा कामाचे उत्पन्न काम पुढे सरकेल त्या प्रमाणात धरावे. अग्निबाणाचे आवरण काही बाजारच्या दिवशी मांडून विकता येत नाही; म्हणून हा नियम.

शिक्षकाची सवय म्हणून एक गणित सांगतो. आकडे आमचे, केवळ समजण्यासाठी. समजा, १०० कोटी रुपयांचे काम मिळाले आणि एकंदर खर्च ८८ कोटी येईल असा अंदाज आहे. वर्षअखेर २२ कोटी खर्च झाले, म्हणजे काम एक चतुर्थांश झाले. तेव्हा उत्पन्न २५ कोटी आणि नफा ३ कोटी. इथपर्यंत सर्व गोड आहे. पण पोलाद महागले, एक भाग नापास होऊन पुन्हा करावा लागणार आहे, आणि एकंदर खर्च ११० कोटींवर जाईल असे दिसले, तर? झालेला खर्च तोच २२ कोटी. पण आता काम एक पंचमांश झाले असे ठरते. उत्पन्न २० कोटी, म्हणून यंदाचा तोटा २ कोटी. मग उरलेला ८ कोटींचा तोटा पुढच्या वर्षांवर ढकलावा काय? शास्त्र म्हणते, नाही. सबंध १० कोटींचा तोटा आज दिसतो आहे, तर तो आजच मान्य करा; २ कोटी झालेला म्हणून, आणि ८ कोटी तरतूद म्हणून. नफा मोजून-मापून हळूहळू घ्यावा, तोटा दिसताक्षणीच पदरात घ्यावा, असा हा न्याय आहे.

येथे ‘तरतूद’ हा शब्द आला. तोही नीट समजून घेऊ. तरतुदीला तीन खुणा लागतात. पहिली, देण्याचे कारण पूर्वीच घडून गेलेले असावे. दुसरी, पैसे जाण्याचा संभव न जाण्याच्या संभवाहून अधिक असावा. तिसरी, रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता यावा. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी गाड्या बनतात. गाडी विकताना दुरुस्तीची हमी दिली, की त्या विक्रीबरोबरच पुढच्या दुरुस्तीचे देणे जन्मास येते. कोणती गाडी बिघडेल हे कोणी सांगू शकत नाही. पण शंभरांत साधारण किती बिघडतात हे मागील अनुभवावरून सांगता येते. म्हणून विक्रीच्याच वर्षी तो अंदाजी खर्च वजा करून ठेवावा लागतो. उलट, देणे पडेलच असे नाही, कोर्टात वाद चालू आहे आणि निकाल बहुधा आपल्या बाजूने लागेल, असे असेल तर तरतूद करीत नाहीत. ताळेबंदाच्या टिपेत ‘संभाव्य देणे’ म्हणून लिहितात. आणि पुढच्या वर्षी धंदा मंद जाईल अशी भीती वाटते म्हणून आजच पैसे लपवून ठेवणे, हीदेखील तरतूद नव्हे. चांगल्या वर्षात नफा दडवायचा आणि वाईट वर्षात तो बाहेर काढायचा, या युक्तीला मानकाने दार बंद केलेले आहे.

तरतूद आणि राखीव निधी यांतही पुष्कळांचा घोटाळा होतो. तरतूद नफा ठरण्यापूर्वी वजा होते. राखीव निधी नफा ठरल्यानंतर त्यातून बाजूला काढतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये संस्थेने निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीत टाकावयाचा असतो. पण बुडालेल्या येण्याची तरतूदच केली नाही, तर तो ‘निव्वळ नफा’च खोटा, मग त्याच्या चतुर्थांशाला काय अर्थ? तोडणी-वाहतुकीच्या मुकादमांना हंगामापूर्वी दिलेल्या उचली वर्षानुवर्षे ‘येणे’ म्हणून ताळेबंदात उभ्या असतात, टोळी आलेली नसते आणि मुकादमाचा पत्ता नसतो, हे चित्र साखरपट्ट्यात नवे नाही. येणे कागदावर आहे तोवर संस्था श्रीमंत, एवढाच त्याचा अर्थ.

उसाच्या दराचा प्रश्नही याच जातीचा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देणे लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये हा किमान दर ठरविला. हे झाले कायद्याचे देणे. परंतु सहकारी कारखाने हंगाम संपल्यावर त्याहून अधिक अंतिम दर जाहीर करीत आले आहेत. ही जादा रक्कम उसाची किंमत, म्हणजे खर्च, की सभासदांना वाटलेला नफा? प्राप्तिकर खाते म्हणे नफ्याची वाटणी, म्हणून कर भरा. कारखाने म्हणत उसाची किंमत. हा वाद वर्षानुवर्षे चालला. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासगाव तालुक्यातील कारखान्याच्या प्रकरणात सांगितले, की त्या रकमेत नफ्याचा अंश किती हे हिशेब तपासून ठरवावे. पुढे २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापूर्वीच्या अशा रकमा खर्च म्हणून दाखविण्याची मुभा मिळाली, आणि सहकारी कारखान्यांना त्यामुळे सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे सांगण्यात आले. एका रकमेला ‘खर्च’ म्हणावे की ‘वाटणी’, या एका शब्दावर दहा हजार कोटी अडकले होते. जमाखर्चातील शब्दांना किती वजन असते हे यावरून कळावे.

आणि ज्यांनी हे शब्द मुद्दाम खोटे लिहिले त्यांचे काय झाले? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. आणि एका तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखविले, ते प्रत्यक्षात २,११२ कोटी होते. आधी थोडासा फरक होता, तो दरवर्षी वाढत गेला, असे त्यांनी लिहिले होते. खोट्या आकड्याचा स्वभावच असा आहे. एका वर्षी तो लिहिला, की दुसऱ्या वर्षी त्याला सांभाळण्यासाठी दुसरा लिहावा लागतो.

बंधुभगिनींनो, इतके दुसऱ्यांविषयी बोलून झाल्यावर आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. ही हकीकत आम्ही सभेपुढे आज प्रथमच सांगत आहोत.

आमच्या खजिनदारीच्या काळात विद्यार्थी वसतिगृहाचे छप्पर व स्वच्छतागृहे दुरुस्त करण्याचे ठरले. वार्षिक मेळाव्यात आवाहन झाले, टाळ्यांच्या गजरात देणग्या जाहीर झाल्या, आणि आम्ही व्यासपीठावर बसून बेरीज केली : सहा लाख रुपये. ते सहा लाख आम्ही त्या वर्षाच्या उत्पन्नात लिहिले. शिवाय बत्तीस मुलांच्या प्रत्येकी दोन हजारांच्या अनामत रकमा, म्हणजे चौसष्ट हजार रुपये, तेही जमेच्या बाजूस उत्पन्न म्हणूनच लिहिले. कारण पैसे तर पेटीत आले होते. एकूण उत्पन्न ६,६४,०००. खर्च ५,१०,०००. शिल्लक १,५४,०००. स्मरणिकेत हा हिशेब छापला गेला, सभेने आमचे अभिनंदन केले, आणि आम्हीही शाल पांघरून घेतली.

प्रत्यक्षात वर्षअखेर देणग्यांपैकी हातात आले होते २,६०,०००. म्हणजे शिल्लक नव्हतीच; अडीच लाखांची तूट होती. अनामत ही मुलांची ठेव, आमच्याकडे विश्वासाने ठेवलेली. ती छपराच्या पत्र्यांत गेली होती. पुढल्या जूनमध्ये इंदापूरकडील एक शेतमजूर गृहस्थ आले. त्यांचा मुलगा बारावी होऊन पुढील शिक्षणास पुण्याला निघाला होता. ते हात जोडून म्हणाले, “गुरुजी, पोराची अनामत आज मिळाली असती तर बरं झालं असतं. तिकडं खोलीला आगाऊ द्यायचेत.” पेटीत त्या दिवशी अकराशे रुपये होते. आम्ही त्यांना बसवून चहा पाजला, आणि घरी जाऊन आमच्या पेन्शनमधून दोन हजार आणून दिले. ते गृहस्थ मंडळाला दुवा देत गेले. आम्हांला त्या रात्री झोप लागली नाही. त्यानंतर एकेक पालक येत राहिले. आम्ही आणि आणखी दोघा पदाधिकाऱ्यांनी पदरमोड करून सर्वांच्या अनामती फेडल्या, ठेकेदाराचे देणे दोन वर्षे रखडत फिटले, आणि ही गोष्ट आम्ही तिघांत ठेवली. छापलेला हिशेब मात्र तसाच राहिला. तो आजही आपल्या घरोघरी त्या वर्षीच्या स्मरणिकेत आहे.

आम्ही एक पैसाही खाल्ला नाही. तरीही आम्ही खोटे लिहिले, हे आज स्वच्छ कबूल करतो. ज्यांनी देणगी जाहीर करून दिली नाही त्यांच्यावरही आमचा राग नाही. एखाद्याचा ऊस जळाला, एखाद्याच्या घरी आजारपण आले. जाहीर करणे म्हणजे देणे नव्हे, हे ओळखण्याचे काम खजिनदाराचे होते. तूट त्याच वर्षी सभेपुढे ठेवली असती, तर समाजाने ती भरून काढली असती. आम्ही शिल्लक दाखविली, म्हणून कोणास मदतीची गरजच वाटली नाही. खोट्या नफ्याचे सर्वांत मोठे नुकसान हेच.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : जाहीर झालेल्या देणग्या ‘येणे असलेल्या देणग्या’ म्हणून निराळ्या यादीत लिहाव्यात, आणि पावती फाटेल तेव्हाच उत्पन्नात घ्याव्यात. या स्मरणिकेच्या जाहिरातींनाही हाच न्याय. जाहिरातीचे पैसे आधी आले तरी अंक छापून निघेपर्यंत ते आपले नव्हेत. आणि अंक निघूनही पैसे आले नाहीत, तर किती बुडतील याचा अंदाज त्याच वर्षी वजा करावा. दुसरी : मुलांची अनामत बँकेत निराळ्या खात्यावर ठेवावी आणि ताळेबंदात देण्याच्या बाजूस लिहावी. ती कोणत्याही सत्कार्यासाठी, छपरासाठीसुद्धा, वापरू नये. तिसरी : आमच्या त्या वर्षीच्या हिशेबाची दुरुस्ती, आमच्या नावासह, पुढील स्मरणिकेत छापावी.

शेवटी घराघरांतील माताभगिनींना एक सांगणे आहे. पतसंस्थेचा, कारखान्याचा किंवा मंडळाचा अहवाल घरी आला, की तो रद्दीत टाकू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. यातील उत्पन्न खरोखर झाले आहे, की होणार आहे? यातील येणे कोणाकडून, आणि किती वर्षांपासून? आणि उद्या जे द्यावे लागणार हे आजच दिसत आहे, ते कोठे लिहिले आहे? तीनही उत्तरे मिळाली तर संस्था गरीब असली तरी निर्धास्त राहा. मिळाली नाहीत तर नफ्याचा आकडा कितीही मोठा असो, सभेत उभे राहून विचारा. विचारणारा सभासद हा संस्थेचा वैरी नव्हे. त्या वर्षी एकाने जरी उठून “गुरुजी, यातले किती आले?” असे विचारले असते, तर आम्ही त्याचे जन्मभर ऋणी राहिलो असतो.